१६एस सीक्वेन्स आला, पण जिवाणूचं नाव ठरत नाही: काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

कॉलनी वाढवली, डीएनए काढला, १६एस आरआरएनए जीनचा पीसीआर केला, सीक्वेन्स आला, ब्लास्टमध्ये टाकला, आणि नाव काही ठरेना. (१६एस आरआरएनए हा सगळ्या जिवाणूंत असणारा जीन; पीसीआर म्हणजे त्याच्या भरपूर प्रती काढणं; सीक्वेन्स म्हणजे त्याच्या बेसचा, म्हणजे डीएनएच्या अक्षरांचा, क्रम; ब्लास्ट म्हणजे तो क्रम जमा असलेल्या सीक्वेन्सशी जुळवून बघणारी प्रणाली.) ही तक्रार माझ्याकडे इतक्या वेळा आली आहे की आता फाइल उघडण्याआधीच मी ठरावीक प्रश्न विचारते. ते प्रश्न ज्या क्रमाने विचारते त्याच क्रमाने इथे लिहिले आहेत. आधी फुकटात होणाऱ्या तपासण्या, मग काही दिवसांच्या, मग पैशांच्या.

एक शब्दांची गोष्ट आधी. पाठ्यपुस्तकांत जीनसला प्रजाती आणि स्पीशीजला जाती म्हणतात, पण बोलताना बरेच जण स्पीशीजलाच प्रजाती म्हणतात. या विषयात तो घोळ परवडत नाही, म्हणून मी जीनस आणि स्पीशीज हेच शब्द वापरते.

लक्षणं

तुमची अडचण यांपैकी कुठली आहे ते बघा. एकापेक्षा जास्त असू शकतात.

- ब्लास्टच्या पहिल्या पानावर एकाच जीनसच्या पाच-सहा स्पीशीज, आणि सगळ्यांना ९९ टक्क्यांच्या वर साम्य.
- वरचे सगळे निकाल ‘अनकल्चर्ड बॅक्टेरियम’ (प्रयोगशाळेत न वाढवलेला, नाव नसलेला जिवाणू) किंवा नुसतं जीनसचं नाव.
- फॉरवर्ड रीड (जीनच्या सुरुवातीकडून केलेलं वाचन) एक नाव सांगतो, रिव्हर्स रीड (शेवटाकडून केलेलं) दुसरंच.
- तीच कॉलनी दोनदा पाठवली, दोनदा वेगळं नाव आलं.
- साम्य ९६-९७ टक्केच, आणि सगळ्यांना वाटतंय की नवी स्पीशीज सापडली.
- वंशवृक्षात आपला जिवाणू सगळ्यांपासून दूर, एका लांबलचक फांदीवर एकटा.
- नाव आणि सूक्ष्मदर्शकातलं चित्र जुळत नाही.

पहिली तपासणी: हा सीक्वेन्स याच जिवाणूचा आहे का?

पाच मिनिटांचं काम आहे आणि तेच सगळ्यात जास्त वेळा राहून जातं. ग्रॅम रंजन करा, आकार बघा. प्लेटवर ग्रॅम निगेटिव्ह दंडाकृती जिवाणू असताना सीक्वेन्स स्टॅफिलोकॉकस (हा ग्रॅम पॉझिटिव्ह, गोलाकार) सांगत असेल, तर पुढचं सगळं वाचन निरर्थक आहे. नळ्यांची अदलाबदल झाली असेल, लेबल पुसलं असेल किंवा प्लेटवर दोन जिवाणू असतील. ऑक्सिडेज आणि कॅटलेज (जिवाणूत ही विकरं आहेत का ते सांगणाऱ्या) चाचण्याही इथेच उरकून घ्या. नंतर दोन जीनसमध्ये निवड करायची वेळ आली की त्या फार उपयोगी पडतात.

दुसरी तपासणी: क्रोमॅटोग्राम उघडा

इथे मी जास्त थांबणार आहे, कारण माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त अडचणी इथेच सुटतात.

सीक्वेन्सिंगहून दोन फाइली येतात. एकात नुसती अक्षरं असतात. दुसरी एबी१ फाइल, तिच्यात चार रंगांच्या लाटा असतात; तोच क्रोमॅटोग्राम. बहुतेक जण अक्षरांची फाइल उचलून थेट ब्लास्टमध्ये टाकतात. पण ती अक्षरं म्हणजे यंत्राचा अंदाज आहे. लाट स्पष्ट असो वा अस्पष्ट, यंत्र काहीतरी अक्षर देतंच. सीक्वेन्सिंगच्या या नेहमीच्या सँगर पद्धतीत सुरुवातीचे साधारण ३० ते ५० बेस गढूळ येतात. पुढे सातशे-आठशेपर्यंत लाटा सुट्या, टोकदार असतात. त्यानंतर त्या पसरट होऊन एकमेकींत मिसळतात. ही दोन्ही टोकं कापलीच पाहिजेत. प्रायमरचा (पीसीआर सुरू करायला लागणाऱ्या छोट्या तयार डीएनए तुकड्याचा) भाग शिल्लक असेल तर तोही कापा, कारण तो भाग जिवाणूचा नसून तुम्ही विकत घेतलेल्या प्रायमरचा असतो.

हे इतकं महत्त्वाचं का, त्याचं गणित बघा. तुमच्याकडे ७०० बेसचा सीक्वेन्स आहे. एक बेस चुकला तर साम्य ०.१४ टक्क्यांनी घसरतं. म्हणजे ९९.६ आणि ९९.७ टक्के असे दोन निकाल आले आणि तुम्ही दुसरा निवडलात, तर ती निवड एका बेसवर झाली. तो बेस शेपटीतल्या गढूळ भागातला असेल तर ती निवडच नव्हे. दहा बेस चुकले की जवळपास दीड टक्का गेला, आणि ओळखीचा जिवाणू ‘नवी स्पीशीज’ वाटू लागतो. नव्या स्पीशीजचा आनंद घेऊन आलेल्या विद्यार्थ्यांना मी प्रत्येक वेळी हाच भाग आधी दाखवते. वाईट वाटतं, पण शोधनिबंध परत येण्यापेक्षा हे बरं.

गुणवत्तेचा आकडा फाइलमध्येच असतो. क्यू २० म्हणजे शंभरात एक चूक, क्यू ३० म्हणजे हजारात एक. क्यू २० च्या खालचा सलग पट्टा दिसला की मी तो कापते. जी किंवा सी सलग चार-पाच वेळा येतात तिथे डोळ्यांनी मोजा. अशा ठिकाणी यंत्र एखादा बेस कमी-जास्त धरतं.

आता एक खुबी. १६एस जीन साधारण १५०० बेसचा. त्यात न बदलणारे पट्टे आणि त्यांच्या मधेमधे व्ही १ ते व्ही ९ असे नऊ बदलते पट्टे असतात. न बदलणाऱ्या पट्ट्यांवर प्रायमर बसतात, बदलत्या पट्ट्यांवरून जिवाणू ओळखतात. नेहमीचे प्रायमर २७एफ आणि १४९२आर. हे आकडे ई. कोलायच्या जीनवरच्या जागांचे आहेत. व्ही १ पट्टा साधारण ६९ ते ९९ या जागांवर येतो. म्हणजे २७एफच्या रीडमध्ये तो अगदी गढूळ सुरुवातीला लागून आहे, आणि समोरून येणारा रिव्हर्स रीड तिथवर पोहोचत नाही. जवळच्या स्पीशीजमध्ये फरक दाखवू शकणारा तुकडा नेमका तिथे बसला आहे जिथे वाचन सगळ्यात डळमळीत असतं. दुसरी कमकुवत जागा मधोमध. दोन्ही रीडच्या थकलेल्या शेपट्या तिथे एकमेकींना भेटतात, आणि त्या जोडून केलेल्या कन्सेन्ससमध्ये (दोन्ही रीड मिळून बनवलेल्या एका क्रमात) चुका शिरतात. उपाय सोपा आहे: मधला एक प्रायमर, ५१८ किंवा ९०७ या जागेवरचा, घेऊन तिसरा रीड करून घ्या. तोपर्यंत गढूळ जागी अंदाजाने अक्षर भरू नका, एन (म्हणजे ‘माहीत नाही’) ठेवा.

जोडताना रिव्हर्स रीड उलटा करून त्याचा पूरक क्रम घेतला का, हेही बघा. ब्लास्ट दोन्ही दिशांनी शोधतो, त्यामुळे तिथे चूक दिसत नाही. वंशवृक्ष काढणारी प्रणाली मात्र बहुधा दिशा तपासत नाही, आणि मग ती लांबलचक फांदी उगवते. फांदी विचित्र दिसली की मी आधी दिशा बघते, मग दोन्ही टोकं सगळ्यांची सारख्या लांबीला कापली आहेत का ते बघते.

दुहेरी लाटा दिसल्या तर

क्रोमॅटोग्राम उघडलाच आहे तर हेही बघून घ्या. एकाच जागी दोन रंगांच्या लाटा दिसण्याची कारणं वेगवेगळी असतात, आणि उपायही वेगळे.

पहिल्यापासून शेवटपर्यंत, विशेषतः बदलत्या पट्ट्यांत, दुहेरी लाटा असतील तर संवर्धनात, म्हणजे वाढवलेल्या कॉलनीत, बहुतेक दोन जिवाणू आहेत. बाकी सगळं स्वच्छ आणि दोन-चार जागीच दुहेरी लाटा असतील तर जिवाणू एकच असू शकतो. १६एस जीनच्या प्रती एकाहून अधिक असतात: ई. कोलायमध्ये ७, बॅसिलस सबटिलिसमध्ये १०, क्षयाच्या मायकोबॅक्टेरियममध्ये एकच. या प्रती दर वेळी तंतोतंत सारख्या नसतात. एरोमोनासच्या काही जिवाणूंत एकाच पेशीतल्या प्रतींमध्ये दीड टक्क्यापर्यंत फरक सापडला आहे. तिसरा प्रकार सगळ्यात फसवा: एका जागेपर्यंत लाटा स्वच्छ आणि तिथून पुढे सगळ्याच दुहेरी. एखाद्या प्रतीत एक बेस जास्त किंवा कमी असला की तिथून पुढचं सगळं वाचन एका घराने सरकतं. याची खूण अशी की रिव्हर्स रीड दुसऱ्या बाजूने त्याच जागेपर्यंत स्वच्छ येतो आणि तिथेच बिघडतो.

तिसरी तपासणी: कुठे शोधलं?

ब्लास्टमध्ये डेटाबेस न बदलता शोधलं तर जेनबँकचा मोठा साठा उघडतो. त्यात कुणीही जमा केलेले सीक्वेन्स आहेत, आणि त्यांवरचं नाव जमा करणाऱ्याने दिलेलं असतं. कुणीतरी तुमच्यासारखंच ब्लास्ट करून पहिलं नाव उचललं, ते तसंच जमा केलं, आणि आता ते तुमच्या यादीत सगळ्यात वर आलं आहे. चुकीचं नाव असं पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहतं.

म्हणून तुलना टाइप स्ट्रेनशी करा. प्रत्येक मान्य स्पीशीजचा एक नमुना-जिवाणू असतो, त्या नावाचा धनी तोच. एनसीबीआयच्या (ब्लास्ट चालवणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या) ब्लास्टमध्ये डेटाबेस निवडताना आरआरएनए-आयटीएस हा गट घ्या, त्यात जिवाणूंच्या १६एसचा निवडक संच आहे. ईझीबायोक्लाउड हे संकेतस्थळही याच कामासाठी आहे. एवढं केलं की ‘अनकल्चर्ड’ नावं आपोआप गळतात. यादी दिसली की साम्याच्या आकड्याआधी कव्हरेज, म्हणजे तुमच्या सीक्वेन्सचा किती भाग जुळवला गेला ते, बघा. ३०० बेसवरचं १०० टक्के साम्य हे १४५० बेसवरच्या ९९.५ टक्क्यांपुढे काहीच नाही.

आणि नावं बदलतात हे लक्षात असू द्या. २०२० मध्ये लॅक्टोबॅसिलस हा एकच जीनस फोडून त्याचे पंचवीस झाले. यादीत लॅक्टोबॅसिलस प्लांटारम आणि लॅक्टिप्लांटिबॅसिलस प्लांटारम अशी दोन नावं आली तर ते दोन जिवाणू नाहीत, एकाच जिवाणूचं जुनं आणि नवं नाव आहे. क्लोस्ट्रिडियम डिफिसिल २०१६ पासून क्लोस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल झाला. एलपीएसएन या जिवाणूंच्या नावांच्या ऑनलाइन यादीत नाव टाकलं की सध्याचं मान्य नाव कळतं.

चौथी तपासणी: प्रश्न १६एसच्या आवाक्यातला आहे का?

ही तपासणीही फुकट आहे, पण ती पटायला जड जाते. सीक्वेन्स निर्दोष, डेटाबेस योग्य, तरी नाव ठरत नाही, असं झालं की लोक पीसीआर पुन्हा करतात. मग आणखी एकदा. एक विद्यार्थिनी एकाच बॅसिलससाठी पाच वेळा सीक्वेन्सिंग करून माझ्याकडे आली होती. पाचही सीक्वेन्स उत्तम होते आणि पाचही सारखेच होते. तिने आणखी पन्नास वेळा केलं असतं तरी उत्तर बदललं नसतं, कारण ज्या स्पीशीज तिला वेगळ्या करायच्या होत्या त्यांच्यात त्या जीनमध्ये फरकच नव्हता.

१९७७ मध्ये कार्ल वूस आणि जॉर्ज फॉक्स यांनी याच आरआरएनएच्या तुलनेवरून आर्किया हा जिवाणूंहून निराळा गट दाखवून दिला. इतक्या दूरच्या नात्यांसाठी हा जीन उत्तम, कारण तो अतिशय हळू बदलतो. त्याच कारणाने नुकत्याच वेगळ्या झालेल्या दोन स्पीशीजमध्ये तो अजून सारखाच असू शकतो.

साम्य किती टक्क्यांखाली गेलं की स्पीशीज वेगळी धरायची, त्या मर्यादेच्या आकड्याचा इथे हमखास गैरसमज होतो. १९९४ मध्ये ९७ टक्के हा आकडा सुचवला गेला, २००६ मध्ये तो ९८.७ ते ९९ पर्यंत चढवला गेला, २०१४ मध्ये हजारो जीनोमच्या तुलनेवरून ९८.६५ आला. पण हा रस्ता एकेरी आहे. साम्य ९८.६५ च्या खाली असेल, सीक्वेन्स जवळपास पूर्ण आणि स्वच्छ असेल, तर दोन जिवाणू वेगळ्या स्पीशीजचे असण्याची शक्यता खूपच जास्त. साम्य त्याच्या वर असेल तर ते एकाच स्पीशीजचे आहेत असं सिद्ध होत नाही. १४५० बेसमध्ये ही मर्यादा म्हणजे सुमारे १९-२० बेसचा फरक, एवढंच.

पुढच्या गटांपैकी कुठला यादीत दिसला तर १६एसकडून स्पीशीजचं नाव मागू नका:

- ई. कोलाय आणि शिगेला.
- बॅसिलस सिरियस, थुरिंजिएन्सिस आणि अँथ्रासिस.
- स्ट्रेप्टोकॉकस न्यूमोनिए आणि मायटिस.
- मायकोबॅक्टेरियम कॅन्सासाय आणि गॅस्ट्राय. यांचा १६एस हुबेहूब सारखा आहे. क्षयाच्या गटातल्या स्पीशीजचंही तेच.
- येर्सिनिया पेस्टिस आणि स्यूडोट्यूबरक्युलोसिस.
- बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलिआय आणि मॅलिआय.

अशा वेळी अहवालात ‘बॅसिलस सिरियस गट’ असं लिहिणं ही हार नव्हे. तुमच्याकडच्या पुराव्यावरून जेवढं म्हणता येतं तेवढंच तुम्ही म्हणत आहात. जीनस पक्का आणि स्पीशीज अनिश्चित असेल तर जीनसच्या नावापुढे ‘एसपी.’ लिहून थांबा.

पाचवी तपासणी: संवर्धन शुद्ध आहे का?

आता हात ओले करायची वेळ. सुटी कॉलनी उचलून पुन्हा स्ट्रीक करा (नव्या प्लेटवर रेघा ओढून पसरवा), सलग तीन वेळा. निवडक माध्यमावर करू नका. त्यावर दुसरा जिवाणू वाढत नाही, पण पहिल्याच्या कॉलनीखाली जिवंत दडून राहतो आणि त्याचा डीएनए पीसीआरमध्ये येतो. साध्या पोषक माध्यमावर करा आणि प्लेट एक-दोन दिवस जास्त ठेवा, सावकाश वाढणारा सोबती तेव्हाच दिसतो.

वर सांगितलेल्या दुहेरी लाटांचा निकालही इथे लागतो. शुद्धीकरणानंतर दोन लाटांच्या उंचीचं प्रमाण बदललं किंवा एक लाट गेली, तर दोन जिवाणू होते. प्रमाण तसंच राहिलं तर त्या एकाच जिवाणूतल्या जीनच्या प्रती आहेत. त्यांना वेगळं करायचं तर पीसीआरचा तुकडा क्लोन करावा लागतो, पण नाव ठरवण्यासाठी बहुतेक वेळा त्याची गरज पडत नाही.

सहावी तपासणी: पाण्याची नळी

निगेटिव्ह कंट्रोल, म्हणजे डीएनएऐवजी पाणी घातलेली नळी. जेलवर तिच्यात बँड, म्हणजे डीएनएची रेघ, आहे का? ‘अगदी पुसट आहे’ हे उत्तर मला चालत नाही. १६एसचे प्रायमर जवळपास कुठल्याही जिवाणूवर बसतात, त्यामुळे अभिकर्मकांतला कणभर परका डीएनएही वाढून येतो. टॅक पॉलिमरेज (पीसीआरमध्ये प्रती काढणारं विकर) बहुधा ई. कोलायमध्येच बनवलेलं असतं. डीएनए काढण्याच्या किटमध्ये रॅल्स्टोनिया, ब्रॅडिरायझोबियम, स्फिंगोमोनास यांचे अंश सापडतात हे २०१४ पासून नीट नोंदवलं गेलं आहे. तुमच्या नमुन्याचा डीएनए कमी असेल आणि तुम्ही पीसीआरची ४० चक्रं चालवली असतील, तर हे पाहुणेच पुढे येतात. चक्रं तीसच्या आसपास आणा, नवं पाणी आणि नवे प्रायमर घ्या, आणि डीएनए काढतानाही एक रिकामी नळी सोबत चालवा.

जाड भिंतीच्या ग्रॅम पॉझिटिव्ह जिवाणूंचा डीएनए मुळातच कमी निघतो. तिथे लायसोझाइम (पेशीभिंत तोडणारं विकर) किंवा मण्यांनी पेशी फोडणं वाढवा.

सातवी: दुसरा जीन, आणि मग जीनोम

चौथ्या तपासणीत १६एसची हद्द संपली असेल तर प्रथिनं बनवणारे जीन घ्या, ते लवकर बदलतात. स्यूडोमोनाससाठी आरपीओडी, मायकोबॅक्टेरियमसाठी एचएसपी६५ आणि आरपीओबी, बॅसिलससाठी जायआरबी. आरपीओबीची प्रत बहुधा एकच असते, त्यामुळे प्रतींचा गोंधळही टळतो. एका जीनवर विसंबू नका. जिवाणू एकमेकांना जीन देतात, आणि उधार आलेल्या एका जीनवरून काढलेला वंशवृक्ष त्या जीनचा असतो, जिवाणूचा नव्हे. तीन-चार जीन मिळून तेच सांगत असतील तर विश्वास ठेवा. काही ठिकाणी जीनपेक्षा जुनी चाचणी सरस ठरते: न्यूमोनिए आणि मायटिस वेगळे करायला ऑप्टोचिन आणि पित्तक्षारात विरघळण्याची चाचणी आधी करा.

शेवटी पूर्ण जीनोम. स्पीशीजची हद्द १९८७ पासून डीएनए-डीएनए संकरणात (दोन जिवाणूंचे डीएनए एकमेकांशी किती जुळून चिकटतात ते मोजण्यात) ७० टक्के मानली जाते. आता तेच संगणकावर काढतात, आणि जोडीला एएनआय, म्हणजे दोन जीनोमच्या समान भागांतलं सरासरी साम्य, बघतात. ९५-९६ टक्क्यांच्या वर असेल तर स्पीशीज एकच. तुलना इथेही टाइप स्ट्रेनच्या जीनोमशीच. आणि आधी जीनोममध्ये भेसळ नाही हे बघा, नाहीतर पाचव्या तपासणीतली चूक कितीतरी जास्त खर्चाने पुन्हा समोर येते.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

यादीत बॅसिलस अँथ्रासिस, येर्सिनिया पेस्टिस, ब्रुसेला किंवा बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलिआय हे गंभीर रोगांचे जिवाणू दिसले आणि नमुना किंवा लक्षणं पाहता ते अशक्य वाटत नसेल, तर प्लेट उघडू नका, वास घेऊ नका, ‘खात्रीसाठी’ पुन्हा वाढवू नका. प्लेट बंद करून ठेवा, जैवसुरक्षेची जबाबदारी असलेल्या व्यक्तीला लगेच सांगा आणि संदर्भ प्रयोगशाळेकडे जा. वर लिहिलंच आहे की १६एस यांपैकी बहुतेकांना त्यांच्या जवळच्या नातेवाइकांपासून वेगळं करू शकत नाही. शंका बहुधा खोटी ठरते. पण ती खोटी ठरवण्याचं काम तुमच्या टेबलावर करायचं नाही.

रुग्णाच्या नमुन्यावरून उपचार ठरणार असतील तरी थांबा. तिथे नाव देण्याचं काम वैद्यकीय सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाचं आहे.

साम्य खरोखर ९८.६५ च्या खाली आहे आणि वरच्या सगळ्या तपासण्या झाल्या, तर वर्गीकरणतज्ज्ञाकडे जा. नव्या स्पीशीजला जीनोम लागतो, बाह्य लक्षणांची आणि रासायनिक घटकांची वर्णनं लागतात, आणि तो जिवाणू दोन वेगळ्या देशांतल्या संवर्धन संग्रहांत जमा करावा लागतो. एकट्या १६एसवर नाव मिळत नाही. आणि तीनदा शुद्ध करूनही दुहेरी लाटा हटत नसतील, तर चौथ्यांदा तेच करण्याऐवजी जीनोमचं काम नित्य करणाऱ्याला दाखवा.

जाताना एबी१ फाइली न कापता न्या. पाण्याच्या नळीसकट जेलचा फोटो, ग्रॅम रंजनाची स्लाइड, कुठले प्रायमर आणि किती चक्रं याची नोंद, आणि कोणत्या तारखेला कुठल्या डेटाबेसमध्ये शोधलं तेही. नुसतं ‘ब्लास्टमध्ये ९९ टक्के आलं’ एवढं सांगितलंत, तर तो जाणकारही तुम्हाला पहिल्या तपासणीपासून सुरुवात करायला लावेल.